पांढरा, तांबडा आणि निळा

मित्रांनो, आज तुमच्यापुढे दोन पक्षी ठेवते. पहिला पांढराशुभ्र. डोकं काळंभोर, त्यावर तुरा आणि मागे फूटभर लांब अशा दोन पांढऱ्या फिती. उडाला की वाटतं, कुणीतरी झाडाझाडांतून रिबीन ओढत पळतंय! दुसरा चिमणीएवढा. आकाशासारखा निळा, पोटाशी पांढुरका, मानेवर मागच्या बाजूला काळा ठिपका आणि गळ्यात बारीक काळी रेघ, जणू काळी पोतच घातलीय. शेपटीत विशेष काही नाही. आता सांगा पाहू, या दोघांचं एकमेकांशी नातं काय?

"काहीच नाही, बाई!" आमचा अख्खा वर्ग ओरडला होता. मीही तेच म्हटलं असतं. पण त्या आधीच्याच वर्षी मी असं घाईघाईनं एक उत्तर देऊन बसले होते, आणि ते लाल पेनानं लिहिलेलं होतं. त्याची हकिगत सांगते. त्यासाठी आपल्याला पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या जंगलात जायचंय. पण त्याआधी आमच्या शाळेमागच्या ओढ्यावर चला.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात शिकवते. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे ओढा. ओढ्यापलीकडे ठाकरवाडी. वाडीतली मुलं ओढा ओलांडून शाळेत येतात. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला की त्या दिवशी हजेरी निम्मी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्रत्येकाला एक निसर्गवही देते. जे दिसेल ते लिहायचं. दोन ओळी चालतील, चित्र काढलं तर फारच छान. जूनमध्ये वह्या माझ्याकडे येतात. बहुतेक वह्यांत सुट्टीचे पहिले चार दिवस भरलेले असतात आणि मग एकदम शेवटचे चार. (हसू नका, तुमच्याही अशाच असणार!) वाडीतल्या एका मुलाची वही मात्र पानोपान भरलेली होती. त्याचं नाव इथं छापायचं नाही असं त्यानं मला बजावलंय, म्हणून आपण त्याला सोन्या म्हणू. तिसरी संपवून चौथीत आलेला. त्याच्या वहीत एका पानावर लिहिलं होतं, "वड्याच्या आंब्यावर घरटं आहे. एक पांढरा आणि एक तांबडा. दोघं आळीपाळीनं बसतात. पांढऱ्याची शेपटी घरट्याच्या भाईर लोंबते."

मी ते वाचलं आणि त्यावर लाल फुली मारली. खाली लिहिलं, "दोन वेगळ्या जातींचे पक्षी एका घरट्यात राहत नाहीत. नीट पाहून लिही."

डी.एड.ला असताना आम्हाला शिकवलं होतं की मुलाच्या निरीक्षणात चूक वाटली तर आधी मुलाला विचारावं, फुली नंतर. परीक्षेत मी त्यावर चांगलं पानभर उत्तरही लिहिलं होतं. पण चाळीस वह्यांचा गठ्ठा पुढ्यात असला की असलं काही आठवत नाही, हे खरं. सोन्या वाद घालणारा मुलगा नव्हे. "हो बाई" म्हणाला आणि वही घेऊन जागेवर जाऊन बसला. आमच्या पडवीत एक फळा आहे. त्यावर मुलं 'आज मी काय पाहिलं' ते रोज सकाळी लिहितात. सोन्यानं त्या पावसाळ्यात त्या फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी तालुक्याच्या वाचनालयात बसले होते. डॉ. सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक चाळत होते. १९४१ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक पक्षी पाहणारे अजून वापरतात. एक पान उलटलं आणि हात थांबला. चित्रात एक पांढरा पक्षी होता आणि एक तांबडा, आणि खाली नाव एकच. पांढरा तो नर, तांबडी ती मादी!

तो पक्षी म्हणजे स्वर्गीय नर्तक. कोकणात त्याला बाणपाखरू म्हणतात. हिंदीत तो दूधराज, आणि मध्य प्रदेशचा तो राज्यपक्षी आहे. त्याची गंमत अशी की त्याचा नर जन्मतः पांढरा नसतो. पहिल्या वर्षी तो थेट आईसारखा दिसतो. पाठ विटेसारखी तांबूस, डोकं काळं, शेपटी साधी. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेपटीची मधली दोन पिसं वाढू लागतात आणि वाढता वाढता फूटभर होतात. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी नव्हे हं, फळ्यावर रेघा मारायची मोठी पट्टी आठवा! तेव्हाही तो तांबडाच असतो. त्यानंतर आपल्याकडचे पुष्कळ नर पांढरे होतात. मादी मात्र आयुष्यभर तांबडी. तिचा गळा राखाडी आणि तिला फिती नाहीत. म्हणजे एकाच जातीचा पक्षी आपल्याला तीन रूपांत भेटू शकतो: तांबडा बिनफितीचा, तांबडा फितीवाला आणि पांढरा फितीवाला. मी बापडी त्यांच्या दोन जाती करून मोकळी झाले होते.

श्रीलंकेत आणखी मजा आहे. तिथं कायम राहणाऱ्या स्वर्गीय नर्तकांचे नर कधीच पांढरे होत नाहीत, म्हातारपणीही तांबडेच. पांढरे दिसतात ते हिवाळ्यात भारतातून गेलेले पाहुणे. तिथल्या सिंहली भाषेत या पांढऱ्याला जे नाव आहे त्याचा अर्थ पांढरं कापड चोरणारा! दोरीवरचं धोतर ओढून पळालेला चोर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे नाव किती चपखल आहे ते कळेल.

तर सोन्याचं वाक्य शब्दन् शब्द खरं होतं. स्वर्गीय नर्तकाचे नर-मादी दोघंही अंडी उबवतात. पांढरा नर वाटीएवढ्या घरट्यात बसला की त्याच्या फिती कुठे मावणार? त्या बाहेर लोंबतात.

तुम्हाला वाटेल, सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी बाईंनी वर्गात चूक कबूल केली असेल. नाही केली. आज सांगू, उद्या सांगू करत नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मनाशी म्हटलं, एवढी जुनी गोष्ट, सोन्या विसरलाही असेल. मोठी माणसं स्वतःची अशी समजूत फार छान घालतात.

फेब्रुवारीत आमची सहल निघाली कर्नाळ्याला.

कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलहून पेणकडे जाताना बारा-तेरा किलोमीटरवर आहे. १९६८ साली ते झालं तेव्हा अगदी छोटं होतं, जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर. २००३ साली त्याची हद्द वाढवली, तेव्हा ते सुमारे बारा चौरस किलोमीटर झालं. म्हणजे अजूनही लहानच. पण एवढ्या जागेत पक्ष्यांच्या दीडशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. आणि नवल म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग या अभयारण्याच्या अंगाला लागूनच जातो. आमची एसटी थांबली तिथं ट्रकचे भोंगे इतके वाजत होते की मला वाटलं, इथं पक्षी कसले येतात! आत शिरलो. पाचेक मिनिटं चाललो. मागे वळून ऐकलं तर भोंगे कुठंतरी लांब, दुसऱ्या गावात वाजावेत तसे. दोन्ही बाजूंनी साग, ऐन, कुंभा, उंबर, कळंब. पानगळ सुरू झालेली, त्यामुळे वाटेवर पानांचा नुसता चुरा. चाळीस मुलांचे ऐंशी पाय त्यावरून चालले की काय आवाज होत असेल, विचार करा.

झाडांतून वर पाहिलं की कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसतो. हाताची मूठ मिटून अंगठा वर करा, तस्सा! तो सुमारे सव्वाशे फूट उंच आहे आणि त्याला मधमाश्यांची मोठमोठी पोळी लागतात, म्हणून वर जाणाऱ्यांनी आरडाओरडा करायचा नसतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं गाव शिरढोण इथून जवळच. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. आमच्या गुरुजींनी ही सगळी माहिती वाटेत इतकी रंगवून सांगितली की अर्ध्या मुलांना पक्षी सोडून किल्ल्यावरच जायचं होतं. पण तिसरी-चौथीच्या मुलांना घेऊन त्या उन्हात किल्ला चढायची माझी तयारी नव्हती. आम्ही मोरटाक्याची वाट धरली.

या वाटेवर तासभर काहीच दिसलं नाही. मुलं कंटाळली. एकानं डबा उघडला. आणि अचानक डोक्यावरच्या फांद्या जिवंत झाल्या! मुलांनो, जंगलात पक्षी असे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. हिवाळ्यात वेगवेगळ्या जातींचे छोटे पक्षी एकत्र थवा करून हिंडतात. एकाच्या हालचालीनं पानांतला किडा उडतो, तो दुसऱ्याला मिळतो. आणि शिकारी पक्षी आला तर बघायला डोळे जास्त. आमच्या डोक्यावर आलेल्या थव्यात निखार होते, चष्मेवाले होते, शेपटीचा पंखा करून नाचणारा नाचण होता आणि त्यांच्यावर पहारा ठेवल्यासारखा एक कोतवाल होता.

त्यात निळं काहीतरी चमकलं. "तो बघा नीलमणी!" मी बोट दाखवलं. सुरुवातीला सांगितला ना, तो गळ्यात काळी पोत घातलेला निळा पक्षी, त्याला आम्ही नीलमणी म्हणतो. त्याचं चित्र मी मुलांना आदल्या दिवशी दाखवलं होतं. आमच्याबरोबर वनखात्यातले एक काका होते. ते हळूच म्हणाले, "बाई, याची छाती बघा की." बघितली. छाती नारिंगी! तो नीलमणी नव्हता, निळा माशीमार होता. झालं, पुन्हा चुकले. मुलं खुदुखुदु हसली.

पण ही चूक नुसती माझी नव्हे बरं का. जुन्या पक्षीशास्त्रज्ञांनी हा नारिंगी छातीचा माशीमार, आपला नीलमणी आणि स्वर्गीय नर्तक, या तिघांना एकाच मोठ्या घराण्यात घातलं होतं. कारण तिघंही उडते किडे पकडतात. पुढे शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या पेशींतला डीएनए ताडून पाहू लागले. अमेरिकेतल्या चार्ल्स सिबली आणि जॉन अल्क्विस्ट या दोघांनी १९९० साली अशा तुलनेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांचं सगळंच म्हणणं पुढे टिकलं नाही, पण एक गोष्ट टिकली. निळा माशीमार हा दयाळ आणि चिरक यांच्या बाजूचा निघाला. नीलमणी आणि स्वर्गीय नर्तक मात्र एका वेगळ्याच घराण्यातले, मोनार्क घराण्यातले. मोनार्क म्हणजे राजा. आणि या राजांचे दूरचे नातेवाईक कोण, माहीत आहे? कोतवाल, खाटीक आणि चक्क कावळा! निळा रंग पाहून जे भाऊ वाटले ते परके, आणि पांढरा-निळा म्हणून जे परके वाटले ते नात्यातले.

या घराण्यात जगभर शंभराच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या बहुतेक ऑस्ट्रेलियात आणि पॅसिफिक महासागरातल्या लहान लहान बेटांवर राहतात. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतले दोघंच आले. एक फितीवाला आणि एक पोतवाला.

खरा नीलमणी त्याच थव्याच्या शेपटाला आला. तो एका जागी ठरत नव्हता. पानातून बाहेर, पुन्हा आत, या फांदीवरून त्या फांदीवर, मध्येच शेपटी पसरून. मुलं माना वर करून गरागरा फिरत होती. तेवढ्यात तो ओरडला, "च्वीच, च्वीच". सोन्या माझ्या शेजारीच उभा होता. तो वर न बघताच म्हणाला, "बाई, ह्यो तांबड्यासारखा वरडतो. पण बारीक."

माझ्या तोंडावर आलं होतं, 'अरे, तो वेगळा पक्षी, हा वेगळा.' ते मी गिळलं. कारण पुस्तकात तसंच लिहिलेलं मी वाचलं होतं. नीलमणीचा आवाज कधी कधी स्वर्गीय नर्तकाच्या आवाजासारखा वाटतो. शास्त्रज्ञांना डीएनए तपासून जे नातं कळलं, त्याची एक बारीकशी खूण आमच्या सोन्याला नुसत्या कानांनी लागली होती. मी त्याला म्हटलं, "बरोबर ऐकलंस." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की यात काहीतरी गोम आहे असं त्याला वाटत असावं.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही पाण्याशी पोचलो. ओहोळ आटत आला होता, खडकांत फक्त एक लहानशी डबकी उरली होती. काकांनी सगळ्यांना लांब, झाडांच्या आड बसवलं. स्वर्गीय नर्तकांना दुपारी अंघोळ करायला फार आवडतं. आणि त्यांची अंघोळ चिमणीसारखी पाण्यात बसून नाही. फांदीवरून सूर मारायचा, पाण्याला छाती लावायची आणि पुन्हा वर. आधी एक तांबडा आला, बिनफितीचा. मग दुसरा तांबडा, त्याला लांबलचक फिती. दोघांनी दोन-दोन बुड्या मारल्या. आणि मग, मित्रांनो, वरच्या सावलीतून तो पांढरा उतरला. चाळीस मुलांपैकी एकाचाही आवाज नाही. पाण्याला टेकून तो वर उठला तेव्हा त्याच्या फितींवरून थेंब गळताना दिसले.

सगळे त्याच्याकडे बघत होते. सोन्या माझ्याकडे बघत होता.

म्हणजे तो विसरला नव्हता. तो पांढरा, तो तांबडा, आणि मी. मला सांगावंच लागलं. पक्षी उडून गेल्यावर आम्ही खडकावर भाकरी सोडल्या, तेव्हा मी सगळ्या मुलांसमोर सांगितलं की सोन्यानं लिहिलेलं खरं होतं आणि माझी फुली चुकीची होती. दिवाळीपासून मला ते माहीत होतं, हेही सांगितलं. ते सांगायला जास्त जड गेलं. एका मुलीनं विचारलं, "मग बाई, तुम्ही तवाच का नाय सांगितलं?" मी म्हटलं, "लाज वाटली." तिनं मान डोलावली आणि लोणचं मागितलं.

मग तिथंच बसून आम्ही दोघा भावंडांची तुलना केली. काकांना आणि मुलांना जे जे दिसलं होतं ते सांगत गेले, मी पुस्तकातलं आठवून भर घालत गेले. फिती सोडल्या तर स्वर्गीय नर्तक बुलबुलाएवढा, नीलमणी त्याहून लहान. मोठा भाऊ फांदीवर ताठ बसतो, किडा दिसला की झेप घेतो. धाकट्याला बसणं माहीतच नाही, तो पानापानांत शोधत फिरतो. पण चोच पाहा. दोघांचीही चोच मुळाशी रुंद, चपटी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना राठ केस. दोघांच्याही चोचीवर निळसर झाक. पाय आखूड. स्वर्गीय नर्तकाला डोक्यावर खराखुरा तुरा आहे. नीलमणीला तसा तुरा नाही, पण घाबरला किंवा चिडला की मानेवरच्या त्या काळ्या ठिपक्याची पिसं ताठ उभी राहतात. एका मुलानं विचारलं, फितींचा उपयोग काय? मी म्हटलं, किडे पकडायला तर काहीच नाही, उलट अडचणच. माद्यांना फिती नाहीत, कोवळ्या नरांनाही नाहीत. म्हणजे तो नराचा जोडी जमवायच्या वयाचा पोशाख. "लग्नातला फेटा!" कुणीतरी म्हटलं. याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

सोमवारी शाळेत सोन्याची वही मी कपाटातून काढली. फुलीशेजारी 'बरोबर' लिहायला पेन्सिल हातात घेतली, तर तो म्हणाला, "बाई, लाल पेनानं लिवा. फुली लाल हाय." लिहिलं. खाली तारीख आणि सही पण घातली, त्यानंच सांगितलं म्हणून.

त्या जूनमध्ये सोन्या पाचवीला पलीकडच्या मोठ्या शाळेत गेला. वही देणारं तिथं कुणी नव्हतं. एका रविवारी सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर हा कुंपणापाशी उभा. "बाई, बसलाय." एवढंच म्हणाला. मी कपडे तसेच टाकले.

आम्ही ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, एका खडकाआड बसलो. आंब्याच्या पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला ते घरटं होतं. चहाच्या पेल्याएवढं, गवताच्या काड्या आणि तंतू विणून केलेलं आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. आत पांढरा बसलेला. फिती खरंच बाहेर, वाऱ्यावर हलत होत्या. थोड्या वेळानं तांबडी आली, तो उठला, ती बसली. शेजारच्या झाडावर कोतवालाचं घरटं होतं. एक कावळा फिरकला मात्र, कोतवालानं त्याला पार टेकडीपर्यंत पिटाळलं. स्वर्गीय नर्तक कधी कधी मुद्दाम कोतवालाच्या शेजाराला घर करतात, त्याचं कारण समोरच दिसत होतं.

मला जवळ जाऊन पाहायची फार इच्छा होती. सोन्यानं जाऊ दिलं नाही. आपण ज्या वाटेनं जातो ती वाट कावळा बघून ठेवतो, असं त्याची आजी सांगते. आजीचं बरोबर आहे. कॅमेरेवाले काही लोक घरट्यासमोरची पानं, डहाळ्या छाटतात, फोटो स्वच्छ यावा म्हणून. पिल्लांवर ऊन येतं, मांजराला, कावळ्याला घरटं उघडं दिसतं, आणि फोटोतली पिल्लं चार दिवसांनी नसतात. आम्ही अंडी मोजली नाहीत. साधारण तीन-चार असतात, चौदा ते सोळा दिवसांत फुटतात, आणि पुढे नऊ ते बारा दिवसांत पिल्लं घरटं सोडतात, एवढं पुस्तकात होतं. सोन्यानं अंगणातल्या भिंतीवर कोळशानं रेघा मारून दिवस मोजले. एका सकाळी फांदीवर ओळीनं तीन बारकी तांबडी पाखरं बसली होती, शेपट्या अगदी नखाएवढ्या.

जुलैत भर पावसात त्याला नीलमणीचंही घरटं सापडलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, कुड्याच्या बेचक्यात. पोतवाला नर जवळच्या फांदीवर राखण करत होता आणि मादी कोळ्याची जाळी गोळा करून आणत होती. ती नरापेक्षा फिकी, पाठीला भुरकट, तिच्या गळ्यात पोत नसते. घरटं जास्त लहान, पण विणायची रीत तीच. "दोघांच्या आयशीनं एकच शिकवलंय," सोन्या म्हणाला.

मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. मध्य आशियापासून पार इंडोनेशियापर्यंतच्या सगळ्या स्वर्गीय नर्तकांना शास्त्रज्ञ पूर्वी एकच जात मानत. २०१५ च्या सुमारास त्यांच्या तीन जाती धरल्या जाऊ लागल्या. आपल्याकडची एक, ईशान्य भारतापासून पुढे आग्नेय आशियातली दुसरी आणि पार चीनकडची तिसरी. सोन्यानं विचारलं, "म्हंजे त्यांनी पण आधी फुली मारली व्हती?" मी म्हटलं, "तसंच काहीसं."

त्याच्या नव्या वहीत शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे. 'गेल्या साली पांढरा व्हता तोच ह्यो आहे का? कसा वळखायचा?' मी त्याला सांगितलं की शास्त्रज्ञ पक्षी अलगद पकडून त्यांच्या पायात आकडा कोरलेली ॲल्युमिनियमची हलकी कडी घालतात. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम कितीतरी वर्षं करत आली आहे. तोच पक्षी पुन्हा सापडला की आकड्यावरून ओळख पटते.

"आपल्या पांढऱ्याला कडी नाय," सोन्या म्हणाला. "मग?"

त्या प्रश्नाखाली मी अर्धं पान कोरं सोडलं आहे.